टोंगयाले काय बांधसान?

वऱ्हाडातला माणूस डोक्याची काळजी घेत नाही असं ज्याला वाटत असेल, त्यानं मे महिन्यात भर दुपारी अकोल्याच्या टॉवर चौकात उभं राहून पाहावं. फार वेळ उभं राहता येणार नाही, पण तेवढ्यात खात्री पटेल. रस्त्यावर एकही डोकं उघडं दिसायचं नाही. पांढरा दुपट्टा आधी कपाळावरून, मग कानांवरून, मग नाकावरून फिरवून मागं गाठ मारलेली. उरलेल्या फटीत गॉगल. खिशात कांदा. बँकेच्या दारातल्या रखवालदाराला उन्हाळाभर खातेदार कोण आणि दरोडेखोर कोण हे चालीवरून ओळखावं लागतं. २०२० च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर चढला, तेव्हा अकोलेकरांनी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना आवर्जून फोन केले. आवाजात तक्रार कमी आणि अभिमान जास्त होता. आम्हा अमरावतीकरांचा आकडा बहुधा त्यांच्यापेक्षा जरासा खालीच राहतो. माझी सासुरवाडी अकोल्याची असल्यामुळे हा कमीपणा मला दर उन्हाळ्यात ताटावर बसून ऐकावा लागतो.

डोकं झाकायची आमची परंपराही साधीसुधी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी डोक्यावर खापराचा तुकडा घातला. ऊन असेल तर ती टोपी, भूक लागली तर तेच ताट. बिनखर्चाचं, दुहेरी कामाचं आणि आधीच फुटलेलं असल्यामुळे फुटायची भीती नसलेलं. जगातल्या कोणत्याही कंपनीला असलं हेल्मेट अजून काढता आलेलं नाही. तेव्हा डोक्यावर काही टणक घालायला आमची ना नाही. ना आहे ती घालण्याच्या कारणाला.

ऊन लागणार हे ठरलेलं असतं, म्हणून दुपट्टा. पडणं मात्र ठरलेलं नसतं, आणि जे ठरलेलं नाही त्याची तयारी करणं म्हणजे त्याला पाटावर बसवून बोलावणं, असा आमच्याकडचा हिशेब. मी सायकल काढताना डोक्यावर हेल्मेट चढवलं की आई देवघरातून ओरडते, "काहून बाप्पा असं अभद्र चिंततं सकाळी सकाळी?" तिच्या मते हेल्मेट घालून निघालेल्या माणसाला पाडायची जबाबदारी देवावर येऊन पडते.

तरीही अमरावतीत सायकलचं हेल्मेट दिसतं. फक्त ते पहाटे दिसतं. उजाडायच्या आत छत्री तलावाच्या रस्त्यानं एक ताफा जातो. त्यात डॉक्टर असतात, सीए असतात, वकील असतात, वेतन आयोग मिळालेले प्राध्यापक असतात. खाली गिअरची सायकल, अंगात झगझगीत बनियन, हातमोजे, अंधारातही गॉगल, आणि डोक्यावर टोकदार शेपटीचं हेल्मेट. यांच्यातले काही खरोखर दमाचे असतात. ते 'बीआरएम' करतात, म्हणजे २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांच्या आत कापतात, आणि तिथं हेल्मेटशिवाय निघूच देत नाहीत. उरलेले छत्री तलावापर्यंत जातात, फोटो काढतात आणि येताना तर्री पोहे खाऊन, जाळलेलं सगळं परत भरून घेतात.

हा ताफा घरी पोचून आंघोळीला बसतो, तेव्हा खरे सायकलवाले रस्त्यावर येतात. रात्रपाळी करून परतणारा चौकीदार. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला. हँडलला डबे आणि कॅरियरला ब्रश बांधलेला रंगारी. बांधकामावर निघालेला मिस्त्री, त्याचा थापी-ओळंब्याचा थैला दांडीला. पेपर टाकून शाळेला पळणारा पोट्टा. यांची सायकल काळी, दांडीची, घरातल्या कुठल्याही लग्नाच्या आधीची. घंटी सोडून सगळं वाजतं आणि ब्रेक म्हणजे पायातली चप्पल. हे लोक महिन्याभरात जेवढी सायकल हाणतात तेवढी पहाटेचा ताफा वर्षभरात हाणत नसेल. यांतल्या एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नसतं.

यावरून मी एक नियम काढला आहे आणि तो अजून चुकलेला नाही. वऱ्हाडात सायकलवाल्याच्या डोक्यावर हेल्मेट दिसलं की समजावं, याच्या घरी कार आहे. ज्याला सायकलवाचून अडत नाही तो हेल्मेट घालतो, आणि ज्याचं सायकलवाचून पोट चालत नाही त्याला हेल्मेट ही काय वस्तू आहे हे फक्त पहाटेच्या ताफ्यामुळे कळतं.

गंमत इथं संपत नाही. पहाटे हेल्मेट घालून वीसच्या वेगानं सायकल चालवणारे हेच डॉक्टरसाहेब दहा वाजता स्कूटर काढतात आणि साठच्या वेगानं, भांग विस्कटू नये म्हणून उघड्या डोक्यानं दवाखान्यात जातात. आता कायदा पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं की मोटरसायकल-स्कूटरवरच्या चार वर्षांवरील प्रत्येकानं हेल्मेट घालावं, मागं बसलेल्यानंसुद्धा. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे. न घातल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना बंद, असं कायद्यात लिहून ठेवलं आहे. सायकलला इंजिन नाही, म्हणून या कायद्याला ती दिसतच नाही. म्हणजे जिथं कायदा डोकं झाकायला सांगतो तिथं ते उघडं, आणि जिथं कायद्यानं विचारलंदेखील नाही तिथं ते झाकलेलं. स्वेच्छेनं काही करायचं असलं की माणूस किती शिस्तीत वागतो याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

मी स्वतः या दोन्ही ताफ्यांच्या मधला. बाजार, बँक, वाचनालय आणि कुठं वर्गणी द्यायची वेळ आली तर तिथून लवकर निघणं, एवढ्या कामांना मी सायकल वापरतो. आई सोडून बाकी घरच्यांनी टुमणं लावलं म्हणून हेल्मेट घ्यायला गेलो.

"सायकलचं हेल्मेट? लेकराले पायजे काय?" दुकानदारानं विचारलं.

"मला पाहिजे."

"तुमाले?" त्यानं माझ्या डोक्याकडं पाहिलं नाही. मान लांब करून दुकानाबाहेर उभ्या असलेल्या माझ्या सायकलकडं पाहिलं. "सायकल तं साधीच हाय, काकाजी."

त्याचं बरोबर होतं. आपल्याकडं हेल्मेटची किंमत सायकल पाहून ठरते, आतलं डोकं पाहून ठरत नाही. साध्या सायकलवर एवढं भारी हेल्मेट शोभणार नाही असं तो मला पोटतिडकीनं सांगत होता. शेवटी मी सायकल बदलणार असल्याचा संशय येऊन त्यानं हेल्मेट दिलं.

राजकमल चौकात पोचेपर्यंत या खरेदीची बातमी माझ्या पुढं गेली होती. पानठेल्यावरून आवाज आला, "सर, ओपनिंगले चालले काय?" दुसरा म्हणाला, "नाई बे, हेलिकाप्टर पंचर झालं असन, म्हनून सायकल काढली." चौकातला वाहतूक हवालदार माझ्याकडं टक लावून पाहत राहिला. हेल्मेट घातलेला माणूस अडवावा की सोडावा याचं प्रशिक्षण त्याला बहुधा कुणी दिलेलं नव्हतं. तो विचार करीत होता तेवढ्या वेळात त्याच्या पाठीमागून एका मोटरसायकलवर तिघं उघड्या डोक्यानं निघून गेले. मधल्याच्या कानाला फोन होता.

भाजीवाल्या मावशी मात्र कळवळल्या. "काय झालं जी डोक्शाले? टाके पडले काय?"

"नाही मावशी. पडू नयेत म्हणून घातलंय."

"पडले नाईत? मंग कायले बांधलं?" असं म्हणून त्यांनी काडीभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, जास्त टाकला. आजाऱ्याच्या घरी वजनापेक्षा थोडं जास्त द्यायची त्यांची रीत आहे.

मोटरसायकलच्या हेल्मेटचा वऱ्हाडात एक मान्यताप्राप्त उपयोग आहे, तो म्हणजे भाजी आणणं. सायकलच्या हेल्मेटला तोही नाही. हवेसाठी ठेवलेल्या भोकांतून हिरव्या मिरच्या वाटभर गळतात. त्या भोकांनी माझ्यावर आणखी एक प्रसंग आणला. माझ्या डोक्यावर केसांपेक्षा मोकळी जागा जास्त. एप्रिलच्या उन्हानं भोकांमधून तेवढी तेवढी जागा नेमकी भाजली आणि टाळूवर पट्टे उठले. घरात मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पाला कळवावं का यावर गंभीर चर्चा झाली. बरं, आत दुपट्टा बांधावा तर हेल्मेट डोक्यावर बसत नाही, वर तरंगतं. जाड कापडावर तरंगणारं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जातं. ज्यांनी या वस्तूचा आराखडा काढला, त्यांनी अकोल्याचा मे महिना पाहिलेला नाही, हे उघड आहे. इथल्या सायकलवाल्याला दुपारी ऊन आणि अपघात यांतलं एकच निवडावं लागतं, आणि ऊन रोज येतं.

हे सगळं गाऱ्हाणं मी अकोल्याला मामाजींपुढं मांडलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. जन्मभर कृषी विद्यापीठात सायकलवर गेले आणि सायकलवरच निवृत्त झाले. त्यांनी माझं हेल्मेट हातात घेतलं, बोटानं वाजवून पाहिलं, कलिंगड घेताना वाजवतात तसं, आणि म्हणाले, "जावईबापू, सायकलवरून मानूस पडते तवा आधी टोंगये फुटते. टोंगयाले काय बांधसान?"

मग त्यांनी धोतर वर घेऊन आपले टोंगळे, म्हणजे गुडघे, दाखवले. तिथं अकोल्याचा नकाशा होता. हा वण मोर्णेच्या पुलावरचा. हा जठारपेठेतला, समोरून म्हैस आली तेव्हाचा. हा डाबकी रोडचा, हा श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराच्या कावडीच्या गर्दीतला. प्रत्येक वणाला गाव, साल आणि साक्षीदार. "एवढा पडलो," ते समाधानानं म्हणाले, "मले काई झालं काय?"

या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण ज्यांना काही झालं ते अशा गप्पांना येत नाहीत. ओसरीवर बसून 'आम्ही कधी हेल्मेट घातलं नाही' असं सांगणारे सगळे वाचलेलेच असतात. सासूबाई आतून तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "टोंगया फुटला तं मानूस सोताच घरी येऊन सांगते. डोक्सं फुटलं तं दुसरं कोनीतरी येऊन सांगते." मामाजींनी धोतर खाली सोडलं.

मामाजींच्या बाजूनंही एक गोष्ट बोलली पाहिजे. त्यांच्या काळी खाली माती होती. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल चालतच नाही. माती मडगार्डात अशी भरते की चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस सावकाश, सन्मानानं आडवा होतो. तिथं डोकं फुटत नाही, फक्त सापडत नाही. शिवाय पडायचं कसं हे या भागाला ठाऊक होतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. इथल्या पोरांनी १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवले. मल्लखांबावर उलटं लटकणाऱ्या पोराला कुणी हेल्मेट घालत नाही, कारण खाली उस्ताद उभा असतो आणि त्याखाली माती. आता गल्लीबोळांत सिमेंटचे रस्ते झाले. उस्ताद गेला, मातीही गेली, पण पडून उठायचा आत्मविश्वास तेवढा मागच्या पिढीचा राहिला.

म्हणून हेल्मेट नेमकं करतं काय, हे पाहिलं पाहिजे. त्याचं वरचं कवच पातळ असतं. खरं काम आतल्या थर्मोकोलचं. कापसाच्या जिल्ह्यातला माणूस विचारणारच, की थर्मोकोल कशाला, रुई का नाही भरत? कारण कापूस दबला की पुन्हा फुगतो, बसलेला मार डोक्याला परत करतो. थर्मोकोल दबलं की दबूनच राहतं आणि मार स्वतःत जिरवतं. त्यामुळे एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही नवं दिसलं तरी निकामी समजायचं. 'धाकट्याच्या कामी येईल' म्हणून ते माळ्यावर ठेवणं ही वऱ्हाडी काटकसर इथं चालत नाही. युरोपातल्या कसोटीत सायकलचं हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून लोखंडावर टाकून पाहतात. आपटतानाचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर. म्हणजे ते बनवलंय माणूस आपल्या आपण सायकलवरून घसरून पडतो त्यासाठी. त्या कामात ते चोख आहे. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगभरातले ४० अभ्यास एकत्र केले, जखमी सायकलस्वारांची संख्या ६४ हजारांवर होती. हेल्मेट असलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता जवळजवळ ७० टक्क्यांनी कमी निघाली. टोंगळ्यांबद्दल त्यात आशादायक काही नाही.

पण अंगावर टिप्पर आला, किंवा कापसाची गंजी दोन्ही बाजूंना लोंबणारी ट्रॅक्टर-ट्रॉली आली, किंवा दारात चार माणसं लटकलेली काळी-पिवळी आली, तर दीड मीटरच्या कसोटीला कोण विचारतो? तिथं हेल्मेटपेक्षा शेजारचं शेत कामी येतं.

मग कायदाच करून टाकावा का? तसा तो करून पाहिलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १ जुलै १९९० पासून सायकलवाल्यांना हेल्मेटची सक्ती केली, जगात सगळ्यात आधी. न्यूझीलंडनं १९९४ साली तेच केलं. डोक्याच्या जखमा घटल्या, पण रस्त्यावरच्या सायकलीही घटल्या, विशेषतः शाळकरी पोरांच्या. किती घट कशामुळे, यावर तिथले विद्वान आजही भांडतात. मेक्सिको शहरानं २०१० मध्ये सार्वजनिक भाड्याच्या सायकली सुरू केल्या आणि हेल्मेटची अट काढून टाकली, कारण भाड्याची सायकल घ्यायला निघालेला माणूस घरून हेल्मेट घेऊन निघत नाही. आणि नेदरलँड्समध्ये आजीपासून मंत्र्यापर्यंत सगळे सायकलवर, बहुतेकांचं डोकं उघडं, कारण त्यांच्या सरकारनं डोक्याच्या आधी रस्ता वेगळा केला.

हेल्मेटला नाक मुरडण्यात आपण एकटे आहोत असंही समजायचं कारण नाही. पुण्यातल्या हेल्मेटविरोधी चळवळीची आठवण ताजी आहे, पण त्याच्याही आधी, १९९१ साली, फ्रान्समधल्या पॅरिस-नीस शर्यतीत जगातल्या पट्टीच्या सायकलपटूंनी हेल्मेटसक्तीविरुद्ध संप केला होता, आणि नियम मागं घ्यायला लावला होता. बारा वर्षांनी त्याच शर्यतीत अंद्रेई किविलेव हा कझाकस्तानचा खेळाडू डोक्यावर पडून गेला. त्यानंतर दोन महिन्यांत सक्ती आली आणि या वेळी टिकली. संपावर जाणारे सगळे शहाणे होते. फक्त कुणाची पाळी हे त्यांना ठाऊक नव्हतं.

सगळ्यात मजेदार प्रयोग इंग्लंडमधल्या इयन वॉकर या मानसशास्त्रज्ञाचा. त्यानं २००६ मध्ये सायकलला यंत्र लावून, मागून ओलांडणाऱ्या गाड्या किती अंतर सोडतात ते मोजलं. कधी हेल्मेट घालून, कधी न घालता. अडीच हजारांच्या आसपास गाड्या मोजल्यावर त्याला दिसलं, की हेल्मेट असलं की गाडीवाले सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून जातात. 'याला येतं बरं का चालवता' असं त्यांना वाटत असावं. मग त्यानं बायकी लांब केसांचा टोप घालून पाहिला, तेव्हा गाडीवाल्यांनी आणखी अंतर सोडलं. याच प्रयोगात त्याला एकदा बसनं आणि एकदा ट्रकनं धडक दिली, दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेटच होतं. पुढं इतर संशोधकांनी त्याचेच आकडे घेऊन त्याचा निष्कर्ष खोडायचा प्रयत्न केला, ते वेगळं. हा प्रयोग अमरावतीत करता येणार नाही. साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळ यायला मुळात तेवढं अंतर तरी असावं लागतं. राजकमल चौकात संध्याकाळी सहा वाजता दोन वाहनांच्या मध्ये फक्त शिवी जाऊ शकते. टोपाची कल्पना मात्र मी घरी बोलून दाखवली. "अहो, तेवढा टोप घ्याच," बायको म्हणाली, "सायकल असो नसो."

आता अकोला-अमरावती महामार्ग घ्या. लोणी ते माना या भागात ३ जून २०२२ ला डांबराचं काम सुरू झालं आणि १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर पडलं. गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली, आधीचा कतारवाल्यांचा विक्रम मोडला. ७२० माणसं दिवसरात्र खपली. वऱ्हाडातला रस्ता जागतिक झाला याचा मला मनापासून अभिमान आहे, आणि त्यावरून सायकल नेताना तो अभिमान पोटात गोळ्यासारखा जाणवतो. कारण रस्ता जितका गुळगुळीत तितकी मागची गाडी निश्चिंत. त्याच रस्त्याच्या कडेनं, उलट्या दिशेनं, शेतातून परतणारा मजूर सायकल हाणत असतो. उलट्या दिशेनं कारण दुभाजक जिथं फुटतो ती जागा त्याच्या गावापासून लांब आहे, आणि लांबचा वळसा पायडल मारणाऱ्याच्या पायाला लागतो, नकाशा काढणाऱ्याच्या नाही. कॅरियरवर चाऱ्याचा भारा, त्यानं मागचा लाल रिफ्लेक्टर झाकलेला. पुढं दिवा नाही. त्याला हेल्मेटचं महत्त्व सांगायला जाण्याआधी आपण त्याला एक दिवा द्यावा.

दिव्यावरून आठवलं. मामाजींच्या तरुणपणी पोलीस सायकलवाल्याला दोन गुन्ह्यांसाठी धरायचे, रात्री बिनदिव्याचा आणि दिवसा डबलसीट. चौक आला की मागचा उडी मारून उतरायचा, शिपाई ओलांडला की पुन्हा बसायचा. डायनॅमो नसलेले लोक हातात कंदील धरून एका हातानं सायकल चालवत. त्या काळच्या सरकारला एवढी अक्कल होती, की सायकलवाल्यानं काय घातलंय यापेक्षा तो दिसतो का हे आधी पाहावं. आता दिव्याचा आग्रह गेला, हेल्मेटचा आला. दिवा दुसऱ्याला सावध करतो. हेल्मेट घातलं की दुसऱ्यानं सावध व्हायची गरज उरत नाही, अशी समजूत आहे.

राहिल्या शाळेच्या पोरी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. दोन वेण्या, लाल रिबिनी, कॅरियरला दप्तर आणि तिघी एका ओळीत, कारण गप्पा मागं-पुढं राहून होत नाहीत. मला विचाराल तर गेल्या कित्येक वर्षांत वऱ्हाडातल्या रस्त्यांवर झालेली सगळ्यात चांगली गोष्ट ही ओळ आहे, तिच्यामुळे मागं एसटी अडली तरी. या मुलींना उद्या हेल्मेटची सक्ती केली तर काय होईल, ते सांगायला विद्वान नको. पहिल्या दिवशी वेण्या बसणार नाहीत, दुसऱ्या दिवशी पोट्टे हसतील, तिसऱ्या दिवशी हेल्मेट कोंबडीच्या खुराड्यावर जाईल. चौथ्या दिवशी कुणीतरी वडीलधारा म्हणेल, "हेल्मेट नाई तं सायकल नाई, अन् सायकल नाई तं शाळा कायले?" डोकं वाचवायच्या नादात त्या डोक्यात जायचं तेच राहून जाईल. हेल्मेट द्यायचंच असेल तर सायकलबरोबर द्या, वेणीला जागा ठेवून द्या, आणि आधी गुरुजींनी आपल्या मोटरसायकलवर घालून शाळेत यावं.

एवढं सगळं झाल्यावर माझं मत विचारायची कुणाला गरज वाटणार नाही, म्हणून मीच सांगतो. सायकलवर हेल्मेट घालावं. लहान पोरांना तर घालावंच, त्यांना अजून टोंगळ्यावर पडायची कला आलेली नसते. बडनेऱ्याच्या वाटेला लागताना, महामार्गावर, अंधारात, पहिल्या पावसात सिमेंटवर चिखल येतो तेव्हा न विसरता घालावं. गल्लीतल्या गल्लीत सांबार आणायला जाताना नाही घातलं तर घरच्यांखेरीज कुणी बोलू नये. मे महिन्याच्या दुपारी सायकलच काढू नये, आणि काढलीच तर दुपट्टा बांधावा आणि हळू जावं. पण कायद्यानं सक्ती करायची तर ती डोक्यांच्या नव्हे, वेगाच्या क्रमानं करावी. ज्याचा वेग जास्त त्याची पाळी आधी. आधी टिप्परवाल्यानं ब्रेक तपासावा, मग कारवाल्यानं फोन ठेवावा, मग मोटरसायकलवाल्यानं हेल्मेट घालावं, आणि एवढं होऊन दिवस उरलाच तर चौकीदाराला थांबवून त्याचं डोकं मोजावं.

परवाच पंचवटी चौकात सिग्नलला एक मोटरसायकलवाले सज्जन माझ्या शेजारी थांबले. माझ्या हेल्मेटकडं पाहून मनापासून म्हणाले, "वा काकाजी, सेफ्टीचं लय महत्त्व हाय. सायकलवाल्यायनं घालाचंच." त्यांचं स्वतःचं हेल्मेट त्यांच्या डाव्या कोपराला अडकवलेलं होतं, पट्टा घट्ट लावून. आजूबाजूला पाहिलं तर कोपराला हेल्मेट असलेले आणखी बरेच निघाले. वऱ्हाडात या घडीला सगळ्यात सुरक्षित अवयव कोणता असेल तर तो कोपर आहे. कोपर फुटून कुणी दगावल्याचं आमच्याकडं आजवर कुणी ऐकलेलं नाही. हे हेल्मेटचंच यश म्हटलं पाहिजे.